पाणी फार स्वच्छ झालं की...

प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत वाळूवर तपकिरी, बुळबुळीत थर धरला, त्यातून तारा लोंबू लागल्या आणि तारांत बुडबुडे अडकलेले दिसले, की बहुतेक हौशी मंडळी पाणी बदलायला घेतात. हे डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव असतील, तर नेमका हाच उपाय अंगाशी येतो. त्यांचा उद्रेक बहुधा नायट्रेट आणि फॉस्फेट शून्याला टेकल्यावर होतो. त्या उपासमारीत साधं शेवाळ मागे पडतं. डायनो मात्र प्रकाशावर जगतात, शिवाय त्यांतले अनेक जिवाणूही गिळतात. म्हणून पाणी बदलणं थांबवून नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएमपर्यंत हळूहळू चढवलेलं बरं.

अशाने हिरवं शेवाळ माजेल, हा आक्षेप खरा आहे. पण ते गोगलगायी खातात. उलट ऑस्ट्रिऑप्सिस या विषारी डायनोने त्याच गोगलगायी मरू शकतात. तीन दिवस दिवे बंद ठेवले तर थर विरतो, मात्र पाणी तसंच उपाशी राहिलं तर परततो. यूव्ही दिव्याचं म्हणाल, तर ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात तरंगतो म्हणून त्याच्या तावडीत सापडतो. वाळूत दडणारा ॲम्फिडिनियम हा डायनो सहसा सापडत नाही. तिथे सिलिकेट घालून डायटम हे प्रतिस्पर्धी शेवाळ वाढवतात. तेव्हा महागडा दिवा घेण्याआधी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली थेंबभर चिकटा पाहावा: थेंबाच्या आकाराचा, निमुळत्या टोकाभोवती गिरक्या घेणारा तो ऑस्ट्रिऑप्सिस. सरसकट औषध ओतण्यातही धोका आहे, कारण प्रवाळाच्या पेशींत राहून त्याला अन्न पुरवणारी झूझँथेली हीसुद्धा डायनोफ्लॅजेलेटच आहेत.