औषधास न जुमानणारी पेशी

स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली, पुढें वर्षानुवर्षें गोळ्याहि नेमानें घेतल्या, आणि तरीहि रोग उलटला, म्हणजे घरांतील वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, "पथ्य कोठें चुकलें?" दोष बहुधा त्या बाईच्याच माथीं येतो. तो किती अन्यायाचा असूं शकतो, हें वाचकांस कळावें म्हणून आम्ही हा विषय येथें घेतला आहे.

डी. एन. ए. म्हणजे पेशीचें मूळ दप्तर. काम पडेल तसतशा त्यांतील लेखांच्या नकला निघतात. त्या नकला म्हणजे आर. एन. ए. नकलेबरहुकूम पेशी प्रथिनें बनविते. परंतु प्रथिनांचा मजकूर या दप्तराच्या सुमारें २ टक्के भागांतच आहे. इतर भागाच्याहि पुष्कळ नकला निघतात; त्यांपासून प्रथिन होत नाहीं, म्हणून त्या पूर्वीं निरुपयोगी वाटत. १९९३ सालीं अमेरिकेंतील व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रुव्कुन यांनीं एका सूक्ष्म कृमींत असें दाखविलें कीं, अशी एक चिमुकली नक्कल दुसऱ्या नकलेस चिकटून तिचें काम थांबविते. या शोधाबद्दल त्यांस २०२४ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां गोळीकडे वळूं. पुष्कळ स्त्रियांत हा रोग इस्ट्रोजेन या अंतःस्रावावर पोसतो. तो स्राव पेशींतील एका ग्राहक प्रथिनास येऊन मिळतो. टॅमॉक्सिफेन तीच जागा अडवून बसतें. पण जागाच नाहींशी झाली तर? २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असें आढळलें कीं, टॅमॉक्सिफेनला न जुमानणाऱ्या पेशींत मायक्रो-आर. एन. ए. २२१ व २२२ या दोन चिमुकल्या नकला फार वाढलेल्या असतात. त्या हें ग्राहक प्रथिन तयार होऊं देत नाहींत; शिवाय पेशींची वाढ आवरणारें पी २७ नांवाचें प्रथिनहि दाबून टाकतात. मग औषधानें अडवावें तरी काय? या नकला निष्प्रभ करतांच औषधाचा गुण कांहीं अंशीं परत आला.

तथापि प्रयोगशाळेंतील पेशी निराळी व माणूस निराळें. या नकलांवरील उपाय अद्याप रुग्णालयांत आलेला नाहीं. शिवाय रोग उलटण्यास इतरहि कारणें असतात. म्हणून आमची विनंति इतकीच : डॉक्टरांस विचारल्यावांचून गोळ्या सोडूं नयेत, तपासण्या चुकवूं नयेत. आणि इतकें करूनहि रोग उलटलाच, तर दुसरीं औषधें आहेत. तीं सुरू करावींत, पण त्या बाईस बोल लावूं नये.