घराला किती स्टार?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय.

सोलापुरातला मे महिना. माझी मावशी सगळ्यात वरच्या मजल्यावर राहते, घरीच विड्या वळते. परवा दुपारी गेलो तर पंखा बंद. म्हटलं, "मावशी, पंखा लाव की!" तर म्हणाली, "सुपातली तंबाखू उडते रे. अन् लावलं तरी गरमच वारं येतंय."

मी नवीन फाइव्ह स्टार पंखा सुचवणार होतो. पण थांबलो. जास्त स्टार म्हणजे वीज कमी, एवढंच. साधा पंखा 75 वॅटच्या आसपास खातो, बीएलडीसी पंखा 30 ते 35. बिल कमी होईल, खोली थंड होणार नाही. मग प्रश्न पडला, पंख्याला स्टार, फ्रिजला स्टार, मग घराला का नाही?

तर मंडळी, घरालाही आहेत! पंख्याफ्रिजला स्टार देणाऱ्या बीईईने, म्हणजे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने, 2019 मध्ये घरांसाठी 1 ते 5 स्टारचं लेबल आणलं. घराच्या एका चौरस मीटरला वर्षाला किती युनिट वीज लागेल, त्यावर स्टार ठरतात. पण हे लेबल ऐच्छिक आहे. म्हणून फ्लॅट बघायला गेल्यावर आपल्याला स्विमिंग पूल दाखवतात, स्टार दाखवत नाहीत.

त्याच्या आधी, डिसेंबर 2018 मध्ये 'इको निवास संहिता' आली. घराच्या भिंती, खिडक्या आणि छत कसं असावं, याचे नियम त्यात आहेत. त्यातले दोन आकडे आपल्या कामाचे.

पहिला आकडा 1.2, छताचा. आतबाहेर 1 अंशाचा फरक असेल, तर छताच्या एका चौरस मीटरमधून 1.2 वॅटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ नये. नुसत्या काँक्रीट स्लॅबचा हाच आकडा साधारण 3.5 असतो. आता हिशोब करा. स्लॅब 50 चौरस मीटरचा. डोक्यावरचं ऊन धरून फरक 20 अंशांचा. म्हणजे 3,500 वॅट उष्णता आत! एक टनाचा एसी साधारण तेवढीच उष्णता बाहेर काढतो. म्हणजे अख्खा एसी फक्त स्लॅबशी भांडत बसणार. छत 1.2 चं असेल तर हीच उष्णता 1,200 वॅटवर येते.

दुसरा आकडा 10 टक्के. उष्ण-कोरड्या हवामानाच्या यादीत आपलं सोलापूर आहे. अशा ठिकाणी उघडणाऱ्या खिडक्या, झरोके आणि बाल्कनीचं दार मिळून चटईक्षेत्राच्या किमान 10 टक्के हवेत. 500 चौरस फुटांच्या घराला 50 चौरस फूट. सरकत्या खिडकीचा उघडणारा भागच मोजायचा हं. घरात टेप असेल तर आजच मोजा.

आपल्या आज्या-पणज्यांना हे आकडे माहीत नव्हते, पण माळवद माहीत होतं. लाकडावर मातीचा जाड थर, खाली रुंद भिंती. दुपारचं ऊन आत यायलाच संध्याकाळ व्हायची. आपण माळवद काढलं, स्लॅब टाकला, आणि तो मातीचा थर काही परत आला नाही.

मग मावशीसाठी काय? घर नवीन बांधता येत नाही. पण सोसायटीला विचारून गच्चीला पांढरा चुना किंवा कूल रूफ पेंट मारता येतो, नाहीतर पांढऱ्या चायना मोझेकच्या फरश्या बसवता येतात. यानं स्लॅबचा 3.5 बदलत नाही, पण ऊन परत फेकलं जातं, स्लॅब कमी तापतो. वर हिरवी नेट बांधली तर आणखी बरं. शेजारच्या तेलंगणानं तर 2023 मध्ये कूल रूफचं धोरणच केलं.

आणि तुम्ही नवीन घर बघत असाल तर बिल्डरला तीनच प्रश्न विचारा. घराला बीईईचं लेबल आहे का? छतावर उष्णतारोधक थर टाकलाय का? किती खिडक्या खरंच उघडतात?

एसीचे स्टार बघून आपण हजारो रुपये वाचवतो. पण एसी किती वेळ चालवावा लागणार, हे घरच ठरवतं. आणि मावशीसारख्यांना, ज्यांना पंखाही चालत नाही, त्यांना तर छताचाच आधार.

येत्या रविवारी आम्ही चुन्याची बादली घेऊन गच्चीवर जातोय. खोलीत थर्मामीटर आजच टांगून ठेवलाय. फरक किती पडला, ते पुढच्या भागात सांगतो. तोवर तुमच्या घराच्या खिडक्या मोजा आणि कळवा!