*पिकअपचा पाटा वाजतोय? क्रेट भरण्याआधी बुश बघा*



रोजचा सल्ला फवारणीचा असतो, आजचा गाडीचा आहे. कारण तोडा वेळेवर झाला, माल चांगला निघाला, पण गाडी रस्त्यात बसली तर लिलाव काही थांबत नाही. आणि तोड्याच्या दिवशी मागे क्रेटवर माणसंही बसलेली असतात. (खरं तर बसवूच नये.)

*बुश म्हणजे नेमकं काय?*
पिकअपला मागे पाटे असतात, जुन्या जीपला चारही चाकांवर. मुख्य पाट्याचं टोक वळवून गोल डोळा केलेला असतो. त्या डोळ्यात बुश बसतो: बाहेर लोखंडी नळी, मध्ये रबर, आत दुसरी नळी आणि तिच्यातून बोल्ट. पाट्याचं पुढचं टोक चासीला पक्कं असतं, मागचं टोक शॅकलवर झुलतं. मागचा ॲक्सल सरळ राहतो तो पुढच्या टोकाच्या जोरावर. म्हणून पुढचा बुश सरकला तर दुखणं मोठं.

*सरकलाय हे कसं ओळखायचं?*
▪️ बांधावरून किंवा चारीतून गाडी काढताना मागून "टक-टक" आवाज.
▪️ ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते.
▪️ मागचा एकच टायर एका कडेने झिजतो.
▪️ खाली वाकून बघा: डोळ्याच्या एका बाजूला रबर बाहेर आलेलं, दुसऱ्या बाजूला पाटा ब्रॅकेटला घासून चकाकतोय.

आता टेप घ्या. स्टिअरिंग सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा. फरक ठळक असेल तर मागे काहीतरी सरकलंय. पण बुश ठीक दिसत असेल तर यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट तपासा. सेंटर बोल्ट तुटला तरी ॲक्सल असाच तिरका होतो.

*ठोकून परत आत बसवला तर?*
चालणार नाही. बुश घट्ट बसलेला होता म्हणूनच जागेवर होता. तो सरकला याचा अर्थ पकड गेली किंवा रबर फाटलं. ठोकलेला बुश दोन-चार खेपांत पुन्हा बाहेर येतो. वेल्डिंगचा टाका तर अजिबात मारू नका. उष्णतेने रबर जळतं आणि पाट्याचं पोलाद तिथेच ठिसूळ होऊन तडकतं.

*बदलताना एवढं सांभाळा* (मिस्त्रीकडे दिली तरी उभं राहून बघा)

1️⃣ गाडी रिकामी, जागा टणक आणि सपाट. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून उटी लावा. हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो, मागची बाजू उचलली की त्याचा उपयोग शून्य.

2️⃣ चासीखाली दोन्ही बाजूंना भक्कम स्टँड. नुसत्या जॅकवर किंवा विटा रचून गाडीखाली कुणीही जायचं नाही.

3️⃣ दुसरा जॅक ॲक्सलखाली. बोल्ट अडला तर घण नको, हा जॅक थोडा वर-खाली करा. ताण सुटला की बोल्ट निघतो.

4️⃣ जुना बुश लांब बोल्ट, वॉशर आणि योग्य मापाचा पाइप लावून ओढून काढा, नाहीतर प्रेसवर न्या. गॅसने रबर जाळू नका, जवळच ब्रेकचा पाइप आणि डिझेलची टाकी असते. बाहेरची नळी अडकली तर हॅकसॉ ब्लेडने आतून उभी चिरा. पण डोळ्याला काप जाऊ देऊ नका.

5️⃣ डोळा साफ करून बघा. तडा असेल किंवा भोक लांबट झालं असेल तर नवा बुशही टिकणार नाही, पाटाच बदला.

6️⃣ नवा बुश दाबताना जोर बाहेरच्या नळीवर द्या, रबरावर नको. दोन्ही बाजूंना सारखा दिसला पाहिजे. दोन तुकड्यांचा रबर बुश असेल तर साबणाचं पाणी लावा. ग्रीस, ऑइल, डिझेल लावू नका, त्याने रबर फुगतं. (ट्रॉलीच्या पाट्याला ग्रीस निपल असेल तर तिथे धातूचा बुश असतो. त्याला मात्र ग्रीस हवंच.)

7️⃣ *सगळ्यात महत्त्वाचं:* बोल्ट आधी हातानेच लावा. गाडी खाली उतरवा, चाकांवर वजन येऊ द्या, मग शेवटचा आवळा द्या. ॲक्सल लोंबकळत असताना आवळलं तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. नवा बुश एका हंगामात गेला तर हे कारण आधी तपासा.

बुश डाव्या-उजव्या बाजूंचे जोडीनेच बदला. बोल्टवर चर पडली असेल तर बोल्टही नवा. पहिल्या दोन-तीन खेपांनंतर नट पुन्हा तपासा.

*बुश मुळात जातो कशाने?*
बहुतेक वेळा वजनाने. हिशेब करा: टोमॅटोचा 20 किलोचा क्रेट रिकाम्या क्रेटसकट साधारण 22 किलो. 100 क्रेट म्हणजे 2,200 किलो. गाडीची क्षमता 1,300 किलो असेल तर 900 किलो जास्त! एवढ्या वजनात शिवाररस्त्याचा प्रत्येक खड्डा त्या रबरावर बसतो. आणि पाटे वाजणाऱ्या गाडीत खालच्या थरातला टोमॅटोही दबतो, मग प्रतवारीत भाव कापला जातो. त्यापेक्षा दोन खेपा परवडतात.

आज संध्याकाळी गाडी रिकामी असताना पाच मिनिटं टॉर्च घेऊन खाली बघा. शंका वाटली तर डोळ्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून मिस्त्रीला दाखवा. आणि तोड्याची तारीख गाडी तयार झाल्यावरच ठरवा, म्हणजे संकलन केंद्रावर तुमचा नंबर चुकणार नाही.

ज्यांच्याकडे पिकअप, जीप किंवा ट्रॉली आहे त्यांना हा मेसेज जरूर पाठवा.

– तुमचा कृषी सल्लागार