सडा : एका शब्दातली वनस्पतिसृष्टी

अंगणात शेणाचा सडा घालतात, प्राजक्ताचा सडा पडतो. पण पेडणे-डिचोलीत सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार. मराठी शिकवताना हा तिसरा अर्थ मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगतो.

उन्हाळ्यात सडा काळा, रखरखीत दिसतो. पावसाळ्यात त्याच्या उथळ पाणथळीत गेंदाची पांढरी बोंडे आणि सीतेच्या आसवांची निळी फुले येतात. तिथल्या मातीत नत्र कमी. सीतेची आसवे सूक्ष्म जीव टिपून ती उणीव भरून काढतात. चार बोटे माती साठली तिथे गवत उगवते. कडेच्या उतारावर भेगांत मुळे शिरतात, तिथे करवंद, अंजनी, कुंभा वाढतात. सच्छिद्र जांभ्यात मुरलेले पाणी पायथ्याशी झऱ्यांतून कुळागरांना मिळते.

अशा जमिनीला ‘ओसाड’ म्हणायची आपल्याला सवय आहे. मोपाच्या सड्यावर जानेवारी २०२३पासून प्रवासी विमाने उतरतात. डिचोलीचे डोंगर लोहखनिजासाठी खणले गेले. त्यांच्या गरजेचा वाद वेगळा. पण ‘ओसाड’ म्हटले की काय गमावले, याची नोंदच उरत नाही. म्हणून शब्दकोशात ‘सडा’ या नोंदीखाली हा अर्थ त्याच्या झाडाझुडपांसह यायला हवा.