डुकराचं मटण, मेंदूतला किडा आणि टोमॅटोचा सॉस

सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण या पट्ट्यात ख्रिस्ती घरांतून नाताळला डुकराच्या मटणाचं सोरपोतेल शिजतं. शेजारपाजारी मात्र डुकराच्या मटणाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: त्यातून मेंदूत किडा जातो ना?

तसा थेट जात नाही. कच्चं राहिलेलं मटण खाल्लं तर पट्टकृमी आतड्यात वाढतो. मेंदूत गाठी होतात त्या या कृमीची अंडी पोटात गेल्याने, आणि ती अंडी बाहेर पडतात पट्टकृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतून. पुढे दूषित पाणी, न धुतलेली कोथिंबीर, न धुतलेले हात. म्हणूनच जन्मात मटणाला न शिवलेल्यालाही हा आजार होतो. मटण कापताना मांसात साबुदाण्यासारख्या पांढुरक्या पुळ्या दिसल्या, तर ते सरळ टाकून द्यावं.

याच धास्तीने मटण चामड्यासारखं होईस्तोवर भाजतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने 2011 मध्ये अख्ख्या तुकड्यासाठी आतलं तापमान 63 अंश सेल्सिअस आणि वर 3 मिनिटं विसावा पुरेसा ठरवला. खिम्याला मात्र 71 अंश. आत फिकट गुलाबी दिसलं म्हणजे कच्चं, असं नाही. अर्थात उकिरड्यावर मोकाट फिरणारं डुक्कर असेल तर मी 71 च धरीन.

इटालियन धाटणीचा सॉस आधीच चोपडून तुकडे निखाऱ्यावर टाकणं ही आणखी एक चूक. टोमॅटोतली साखर करपते, मटण आत कच्चंच. मीठ, ठेचलेली लसूण, थोडं तेल लावून करवंटीच्या निखाऱ्यावर आधी भाजावं. सॉस वेगळा: ऑलिव्ह तेलात लसूण, वर टोमॅटो, मंद आचेवर आटेस्तोवर. तो वाढताना घालायचा. त्यात पडणाऱ्या बेसिलसाठी शहरात धावायला नको. फालुद्यात पडतो त्या सब्जाचीच पानं ती. देवापुढची तुळस मात्र वेगळी, तिचा उग्रपणा सॉसवर कुरघोडी करतो.

'टोमॅटो इटलीचा, आपला नव्हे' म्हणणाऱ्यांनी मालवणी मसाल्याचा डबा उघडावा. टोमॅटो आणि मिरची दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्या. 1692-94 मध्ये नेपल्सला छापलेल्या, लातिनी नावाच्या लेखकाच्या पाकग्रंथातही टोमॅटोचा सॉस 'स्पॅनिश पद्धतीचा' म्हणूनच आला आहे. तेव्हा सॉसमध्ये आमसूल चालेल का? टोमॅटो गोडसर असेल तर एखादं खुशाल घालावं, गावठी आंबट असेल तर नको.