फादर घरी आले म्हणजे शेवट आला, असं नव्हे

नंदगडचा जुलै-ऑगस्टमधला पाऊस खानापूर तालुक्यातल्या वाचकांना वेगळा सांगायला नको. अशाच एका रविवारी सकाळची मिस्सा संपल्यावर मी परमप्रसादाची छोटी डबी गळ्यात घातली, वरून रेनकोट चढवला आणि एका आज्जींच्या घरी गेलो. गुडघे गेल्यापासून त्यांना चर्चची पायरी चढता आलेली नाही. मुलगा गोव्यात कामाला, सून आणि नातवंडंही तिकडेच. दारात शेजारच्या आक्का उभ्या होत्या. त्या लिंगायत, पण आमची रविवारची वेळ त्यांना पाठ. आज्जींच्या सांगण्यावरून टेबलावर धुतलेलं पांढरं कापड, मेणबत्ती आणि पाण्याचा पेला त्यांनीच मांडून ठेवला होता.

प्रार्थना झाली, आज्जींनी परमप्रसाद घेतला. थोड्या वेळाने मी उठायला लागलो तशा त्या म्हणाल्या, "लगेच जातासा होय? बसा की जरा." मिस्सेला कोण कोण आलं होतं, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, फादर प्रवचनात काय बोलले, सगळं त्यांनी विचारून घेतलं. निघताना मी सहज म्हटलं, "पुढच्या आठवड्यात फादरांना घेऊन येतो. तेल लावून घ्या."

आज्जींचा चेहरा एकदम उतरला. "का हो? डॉक्टरनं तुम्हाला काय सांगितलंय काय?"

हा प्रश्न आपल्या पुष्कळ घरांत आहे. म्हणूनच हे लिहायला बसलो.

फादर तेल घेऊन आले म्हणजे आता काही खरं नाही, ही समजूत आपल्याकडे खोल रुजली आहे. तिला कारणही आहे. कित्येक पिढ्या हा संस्कार शेवटच्या घटकेचा म्हणूनच ओळखला गेला. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच स्पष्ट केलं की याला 'आजाऱ्यांचा तैलाभ्यंग' म्हणणंच अधिक योग्य, आणि तो फक्त मरणाच्या दारात असलेल्यांसाठी नाही. आजारपणामुळे किंवा वार्धक्यामुळे जीवाला धोका सुरू झाला, की तीच त्याची योग्य वेळ. मोठ्या ऑपरेशनच्या आधी तो घेता येतो. वयाने थकलेल्यांना, मोठा आजार नसला तरी, घेता येतो. बरं होऊन माणूस पुन्हा गंभीर आजारी पडला किंवा त्याच आजारात प्रकृती आणखी बिघडली, तर पुन्हाही घेता येतो. पवित्र आठवड्यात बिशपांनी आशीर्वादित केलेलं तेल फादर कपाळाला आणि हातांना लावतात आणि आजाऱ्याला बळ मिळावं म्हणून प्रार्थना करतात. यात निरोप देण्यासारखं काय आहे?

तरी आपण उशीर करतो. यात माझाही वाटा आहे. काही वर्षांपूर्वी मी एका आजारी गृहस्थांकडे जात असे. "फादर कधी येतील?" असं त्यांनी दोनदा विचारलं. घरची माणसं मला बाजूला घेऊन म्हणाली, "आत्ता नको. ते घाबरतील." मला ते पटलं नव्हतं, पण दुसऱ्याच्या घरात आपण काय बोलायचं म्हणून गप्प बसलो. शेवटी एका रात्री धावपळ करून फादरांना बोलावलं. तेव्हा त्यांची शुद्ध हरपली होती. फादरांनी तेल लावलं, प्रार्थना केली. पण त्या गृहस्थांना पापनिवेदन करता आलं नाही, परमप्रसाद घेता आला नाही. घाबरलो होतो आम्ही. ते तर वाट बघत होते.

परमप्रसाद नेणाऱ्या आम्हा प्रापंचिकांची हद्द ठरलेली आहे. आम्ही तेल लावू शकत नाही, पापनिवेदन ऐकू शकत नाही. ते काम धर्मगुरूंचंच. परमप्रसाद नेण्याची मुभा मात्र १९७३ साली पोप पॉल सहावे यांच्या काळात रोमच्या एका आज्ञापत्राने मिळाली. आपला बेळगाव धर्मप्रांत तेव्हा वीस वर्षांचा होता. तशी प्रथा फार जुनी. दुसऱ्या शतकात संत जस्टिन यांनी लिहून ठेवलंय की रविवारच्या सभेला येऊ न शकलेल्यांकडे डीकन परमप्रसाद घेऊन जात. १९२१ साली डब्लिनमध्ये सुरू झालेल्या लिजन ऑफ मेरीचं पहिलं कामही इस्पितळातल्या रुग्णांना भेटण्याचंच होतं. जो येऊ शकत नाही तोही सभेतलाच, हा त्यामागचा विचार.

मला वाटतं, आमचं खरं काम इथेच आहे. फादरांच्या अंगावर गाव असतं, आजूबाजूची खेडी असतात. दर आठवड्याला प्रत्येक घरी पोचणं त्यांना अवघड. आम्ही मात्र जाऊ शकतो. चर्चमधून कुणी ना कुणी दर आठवड्याला येतंय, बसतंय, बोलतंय, याची घराला सवय झाली, की एके दिवशी फादर आले तरी कुणाच्या छातीत धस्स होत नाही.

घरच्यांसाठी दोन-चार साध्या गोष्टी. आम्ही येण्याच्या वेळी टीव्ही बंद असावा. एक तासाच्या उपवासाची काळजी आजाऱ्यांनी आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनी करू नये. गोळी किंवा पेज घेतली म्हणून परमप्रसाद चुकवायचं कारण नाही. गिळायला त्रास होत असेल तर आधी सांगा. अगदी लहान तुकडा पाण्याबरोबर देता येतो. आणि आमच्यातल्या नव्या सेवकांना एवढंच सांगणं: डबी गळ्यात असताना वाटेत बाजार करू नका, थेट घरी जा. औषधपाण्याचे सल्ले देऊ नका. त्या घरात ऐकलेलं त्याच घरात ठेवा. आजारी माणसाने फादरांचं नाव काढलं, तर माझ्यासारखं गप्प बसू नका.

आज्जींकडे पुढच्या आठवड्यात फादर आले. आधी चहा झाला, मग गोव्याच्या नातवंडांची चौकशी, मग तेल. आक्काही हात जोडून उभ्या होत्या. गुडघे काही बरे झाले नाहीत. पण त्यानंतरच्या रविवारी आज्जींनी मला दारातच विचारलं, "फादर परत कधी येणार?"

११ फेब्रुवारी हा जागतिक आजारी दिन. १९९३ पासून तो पाळला जातो आणि अनेक चर्चमध्ये त्या दिवशी आजाऱ्यांसाठी खास मिस्सा होते. पण तोवर थांबू नका. येत्या रविवारी बाकावर नेहमीचं कोण दिसत नाही ते बघा, आणि मिस्सा संपल्यावर त्यांचं नाव फादरांच्या कानावर घाला.