सायकलवर कामाला जाताय? शाळेची वेळ बघूनच घर सोडा

इचलकरंजी : रुई, चंदूर, कोरोची, तारदाळ या गावांतून रोज सकाळी कामगार मंडळी इचलकरंजीला यंत्रमागावर, सायझिंगला कामाला जातात. मोटारसायकली वाढल्या तरी सायकलवाले अजून आहेत. त्यांची पाळी आणि शाळेची वेळ एकाच सुमारास आली, की शाळेच्या दारात सगळा गुंता होतो. रिक्षा मध्येच थांबते, पालक पोराला उतरवून मागं न बघता गाडी वळवतो आणि कडेनं चाललेला सायकलवाला नेमका त्यात सापडतो. पोरंही दोन गाड्यांच्या फटीतून एकदम रस्त्यावर येतात. तिथं ब्रेक लागला नाही तर इजा दोघांनाही होणार.

यावर सोपा उपाय म्हणजे घर सोडायची वेळ बदलणं. पण किती बदलायची, हे हिशोबानं ठरवावं लागतं.

साधी सायकल सावकाश चालवली तर तासाला १२ किलोमीटर जाते. म्हणजे एका किलोमीटरला ५ मिनिटं. समजा घरापासून कारखाना ६ किलोमीटर आणि वाटेतली शाळा ४ किलोमीटरवर आहे. पाळी ८ ची, म्हणून माणूस ७.२० ला निघतो. शाळेपाशी तो ७.४० ला पोचतो. शाळेची घंटा ७.४५ ची असेल तर ही ऐन गर्दीची वेळ. गर्दी घंटेच्या साधारण पाव तास आधी सुरू होते, पण घंटा झाली की लगेच संपत नाही, हे बरेच जण विसरतात. पोरं आत गेली तरी पालकांच्या गाड्या परत फिरत असतात. त्याला अजून दहा मिनिटं धरा.

आता उशिरा निघून भागेल का? शाळा ७.५५ नंतर ओलांडली तर कारखान्यात पोचायला ८.०५ होतात. तिकडं आधीच्या पाळीचा माणूस माग सोडायला खोळंबलेला असतो, त्यामुळं ते जमत नाही. मग १५ मिनिटं आधी, ७.०५ ला निघायचं. शाळा ७.२५ ला मागं पडते आणि ७.३५ ला कामावर. चहा पिऊन वर वेळ उरतो.

एकदा वेळ ठरवली म्हणजे वर्षभर तीच चालेल, असं मात्र नाही. राज्य शासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये निर्णय काढून पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायला सांगितले. त्यामुळं जिथं मोठ्या मुलांची शाळा सकाळची आहे, तिथं गर्दी एकदा सातच्या पुढं आणि परत नऊच्या आसपास, अशी दोनदा होते. दुकानात, ऑफिसात उशिरा जाणाऱ्यानं ही दुसरी गर्दी धरून चालावं. गावाकडच्या शाळा शनिवारी सकाळच्या असतात. उन्हाळा वाढला की रोजच सकाळच्या होतात. सोमवारी मोकळा वाटलेला रस्ता शनिवारी त्याच वेळेला भरलेला दिसतो तो यामुळंच. वाटेवरच्या शाळेत कुणाचं पोर असेल तर त्याला विचारून घ्यावं, नाहीतर शिपायाला विचारावं.

लवकर निघण्यात एक धोकाही आहे. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि पंचगंगेच्या काठानं धुकं असतं. ज्याची पाळी सातची, तो तर अंधारातच निघणार. त्यात गळीत हंगाम, उसानं भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या रस्त्यावर. मागच्या मडगार्डला लाल रिफ्लेक्टर आणि पुढं बॅटरी नसेल तर शाळेची गर्दी चुकवून उपयोग काय? एवढ्याशा वस्तूसाठी हयगय करणारे पुष्कळ दिसतात. अंगात फिकट रंगाचा शर्ट असला तरी फरक पडतो.

पाणंदीनं वळसा घालून जायचा मार्गही काही गावांना आहे. पण तो उन्हाळ्या-हिवाळ्यापुरता. पावसाळ्यात काळी माती मडगार्डात भरून चाक फिरत नाही आणि सायकल खांद्यावर घ्यायची वेळ येते.

आणि एखाद्या दिवशी निघायला उशीर झालाच, तर शाळेपुढं घंटी वाजवत घुसू नये. खाली उतरून सायकल हातात धरून शंभर पावलं चालावं. दोन मिनिटं जातील फार तर.